पहाटेचा धूमकेतू आणि ‘जवळ’ हा शब्द

२०१३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या मध्यास पहाटेच्या पूर्व आकाशात एक चांगला योग जुळून आला होता. मंगळ हा ग्रह, मघा ही ठळक तारका आणि ‘आयसॉन’ या नावाने ओळखला जाणारा धूमकेतू ही तिन्ही आकाशाच्या अगदी लहानशा पट्ट्यात एकत्र आली होती. हा धूमकेतू २१ सप्टेंबर २०१२ रोजी बेलारूसचे विताली नेवस्की आणि रशियाचे आर्त्योम नोविचोनोक यांनी किस्लोवोद्स्क शहरानजीकच्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांत शोधून काढला. तो सूर्याच्या अत्यंत निकट जाणार हे कळताच ‘शतकातील धूमकेतू’ अशी त्याची ख्याती जगभर पसरली. पहाटे उठावे, पूर्वेकडे पाहावे, मंगळ आणि मघा यांच्याजवळ धूमकेतू आहे, अशा आशयाच्या सूचना त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी दिल्या जात होत्या.

या सूचनेत ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीने चूक काहीही नाही. तथापि ती ऐकून जो मनुष्य खरोखरच पहाटे उठला आणि अंगणात येऊन उभा राहिला, त्याला तिचा उपयोग कितपत झाला, हा प्रश्न वेगळा आहे. सूचनेतील ‘पहाट’, ‘मघा’, ‘जवळ’ आणि ‘धूमकेतू’ हे चारही शब्द मराठी बोलणाऱ्या कोणालाही परिचित आहेत. परंतु सांगणाराने ज्या अर्थाने ते वापरले, त्या अर्थाने ऐकणाराने ते घेतले असतील असे मानण्यास फारसा आधार नाही. आकाशातील एखादी वस्तू न सापडणे हे पुष्कळदा डोळ्यांचे किंवा ढगांचे अपयश समजले जाते. येथे त्यातील मोठा वाटा भाषेचा होता, असे दाखविता येते.

हे पाहण्यासाठी एखादे निश्चित ठिकाण डोळ्यांपुढे असणे बरे. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव त्या दृष्टीने सोयीचे आहे. मोठ्या शहराच्या दिव्यांपासून ते दूर आहे, आणि त्याच्या परिसरातील बोलीत शेतीच्या निमित्ताने नक्षत्रांची नावे आजही नित्य उच्चारली जातात. त्याचा अक्षांश सुमारे वीस अंश उत्तर आहे. या अक्षांशावर १५ ऑक्टोबरला सूर्य सकाळी सहा वाजून पंधरा-वीस मिनिटांनी उगवतो. विजयादशमी नुकतीच होऊन गेली होती. शुक्ल पक्ष चालू असला तरी चंद्र मध्यरात्रीनंतर काही तासांनी मावळत असल्यामुळे पहाटेचे आकाश काळोखे होते. सोयाबीनच्या काढणीचे ते दिवस. मळणीयंत्रांची धूळ खाली बसलेली असेल, तर पाहणाराला याहून चांगली वेळ मिळणे कठीण होते.

पाच वाजता तेथे उभ्या राहिलेल्या माणसाला प्रथम काय दिसले असते? जवळजवळ डोक्यावर, किंचित पूर्वेकडे झुकलेला, मिथुन राशीतील गुरू. दक्षिणेकडे लखलखणारा व्याध. त्या प्रहरी सर्वांत तेजस्वी अशी हीच दोन ज्योतिमंडले होती. ज्याला ‘पहाटेची चांदणी’ म्हणतात तो शुक्र त्या महिन्यात संध्याकाळी पश्चिमेस दिसत होता. पहाटे तो नव्हता. मंगळ आणि मघा पूर्वेस क्षितिजापासून तेहतीस-चौतीस अंशांवर होते. त्यांची तेजस्विता सामान्य होती. मघेची प्रत १.४ च्या आसपास आणि मंगळाची १.६ च्या आसपास, म्हणजे ‘लाल ग्रह’ म्हणून ज्याची कीर्ती आहे तो मंगळ त्या दिवशी शेजारच्या ताऱ्यापेक्षाही किंचित मंद होता. (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद, हा उलटा संकेत येथे ध्यानात ठेवावयास हवा.) त्याचा तांबूस रंग मघेच्या निळसर पांढऱ्या रंगाशेजारी ठेवून पाहिल्यावरच ध्यानात यावा असा होता.

आणि धूमकेतू? तो मंगळ व मघा यांच्यापासून दोनएक अंशांवर होता खरा, परंतु त्याची प्रत दहाच्या आसपास होती. निर्दोष काळोखात उत्तम दृष्टीच्या माणसाला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. दहावी प्रत म्हणजे त्या मर्यादेहूनही सुमारे चाळीसपट मंद. साखऱ्याच्या काळोखातही तो नुसत्या डोळ्यांना दिसणे अशक्य होते. आठ-दहा इंची दुर्बीण हाताशी असती तरच धुक्याच्या ठिपक्यासारखा तो आढळला असता. मंगळ आणि मघा यांचे महत्त्व नेमके येथे आहे. जे स्वतः दिसत नाही त्याच्याकडे दुर्बीण वळविण्यासाठी दिसणाऱ्या दोन खुणा लागतात, आणि त्या दिवशी त्या दोन खुणा आयत्याच मिळाल्या होत्या. निरीक्षकाच्या दृष्टीने त्या योगाचा अर्थ एवढाच होता. सामान्य श्रोत्याने मात्र असा अर्थ घेतला असणार की, मंगळ दिसतो, मघा दिसते, त्याच रीतीने तेथे धूमकेतूही दिसतो. अशा वेळी दोन ठळक बिंदू दिसले की त्यांतील एकालाच धूमकेतू समजणे ही स्वाभाविक गोष्ट होय. जो अधिक चिकित्सक तो काहीच न दिसल्याचे सांगून परततो, आणि पुन्हा अशा वार्तेवर विश्वास ठेवताना दहा वेळा विचार करतो.

आता शब्दांकडे वळू. ‘पहाट’ हा त्यांतील सर्वांत निरुपद्रवी वाटणारा शब्द. रात्रीचा शेवटचा प्रहर असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. परंतु व्यवहारात तीन वाजताही पहाट असते आणि चांगले फटफटेपर्यंत ती संपत नाही. निरीक्षणाला इतका ऐसपैस शब्द चालत नाही. मंद वस्तू पाहावयाची तर ती क्षितिजापासून शक्य तितकी वर आलेली असावी, आणि त्याच वेळी आकाशात उजेडाचा लवलेशही नसावा. या दोन अटी परस्परविरोधी आहेत, कारण वेळ जाऊ लागतो तशी वस्तू वर येते आणि उजेडही वाढतो. साखऱ्याच्या अक्षांशावर सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तास संधिप्रकाशाची पहिली छटा पूर्वेस उमटते. त्या दिवशी ती पाच वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उमटली असणार. तेव्हा योग्य काळ म्हणजे त्यापूर्वीचा अर्धा तास. ब्राह्ममुहूर्त हा धर्मशास्त्रातील काळ सूर्योदयापूर्वी शहाण्णव मिनिटांपासून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंतचा धरतात. त्याचा पहिला भाग धूमकेतूच्या उपयोगी आणि उरलेला निरुपयोगी, असा प्रकार होतो. बोलीने मात्र हा सांधा अचूक पकडलेला आहे. ‘झुंजूमुंजू होणे’, ‘तांबडे फुटणे’, ‘फटफटणे’, ‘उजाडणे’ हे शब्द एकापुढे एक लावले तर संधिप्रकाशाच्या चढत्या पायऱ्याच मिळतात. ‘झुंजूमुंजू होण्याच्या जरा आधी’ असे सांगितले असते तर घड्याळाचीही आवश्यकता राहिली नसती. छापील मराठीने ‘पहाट’ हा एकच शब्द ठेवून बाकीचे कथा-कादंबऱ्यांना देऊन टाकले आहेत, हे नुकसानच होय.

यापेक्षा गंभीर अडचण ‘मघा’ या शब्दाची आहे. सेनगाव-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला मघा ठाऊक नाही असे कोण म्हणेल? मृगापासून स्वातीपर्यंतची पावसाची नक्षत्रे, त्यांच्या लागण्याच्या तारखा आणि पंचांगात दिलेली त्यांची उंदीर, बेडूक, म्हैस, घोडा इत्यादी वाहने यांची चर्चा दरवर्षी पेरणीपासून काढणीपर्यंत चालू असते. परंतु ही मघा आकाशातील तारका नव्हे. तो ऑगस्टच्या उत्तरार्धातील सुमारे तेरा-चौदा दिवसांचा काळ आहे, आणि त्या काळात पडणारा पाऊस आहे. मघा ‘लागते’, मघा ‘पडतात’, मघा ‘कोरड्या जातात’. या क्रियापदांकडे पाहिले म्हणजे शब्दाचा अर्थ किती सरकला आहे हे ध्यानात येते. मघांविषयीच्या म्हणीही सर्वस्वी पावसाच्या आहेत. त्यांत आकाशाकडे पाहण्यास सांगितले असेल तर ते ढगासाठी.

येथे एक मौजेची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सूर्य ज्या काळात मघा नक्षत्रात असतो त्याच काळाला मघा म्हणतात, आणि नेमक्या त्याच काळात मघा तारका सूर्याच्या तेजात बुडालेली असल्याने दिसू शकत नाही. म्हणजे ज्या पंधरवड्यात हे नाव शेतकऱ्याच्या तोंडी सर्वाधिक असते, त्या पंधरवड्यात त्या नावाची वस्तू आकाशात दिसत नाही. ती पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागते तेव्हा शेतकऱ्याच्या बोलण्यातून मघा गेलेली असते आणि उत्तरा, हस्त, चित्रा यांची पाळी आलेली असते. १५ ऑक्टोबर २०१३ रोजी सूर्य चित्रा नक्षत्रात होता. ‘सध्या चित्रा चालू आहे’ असे जो मनाशी धरून आहे, त्याला ‘मघेजवळ पाहा’ हे सांगणे दोन महिने मागे जाण्यास सांगण्यासारखे वाटले तर दोष त्याचा नाही. एकाच शब्दाने एका वर्तुळावरील दोन वेगळ्या जागा दाखविल्या जात आहेत. एक सूर्याची जागा, ती कधीच दिसत नाही व गणिताने कळते. दुसरी ताऱ्याची, ती डोळ्यांनी दिसते.

व्याकरणातही हा भेद उमटलेला आहे. ‘मघा पडल्या’ असे म्हणणारा शेतकरी हा शब्द अनेकवचनी वापरतो. खगोलविषयक लेखनात मात्र एका ठळक ताऱ्याला ‘मघा’ म्हणून त्याचे ‘मघेजवळ’, ‘मघेच्या’ असे एकवचनी रूप चालविले जाते. वैदिक व संस्कृत परंपरेत मघा हे नाव बहुधा अनेकवचनी आहे, कारण ते एका ताऱ्याचे नसून ताऱ्यांच्या समूहाचे होते; त्यातील सर्वांत ठळक तारा ही त्या नक्षत्राची योगतारा. म्हणजे वचनाच्या बाबतीत पावसाची मघा जुन्या वळणाला अधिक धरून आहे, आणि ताऱ्याची मघा ही पुस्तकी मराठीतील नवी घडण आहे. शुद्ध काय आणि अशुद्ध काय याचा निवाडा घाईने करणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

बोलीतून ताऱ्यांची नावे लोपली आहेत असा याचा अर्थ नाही. सप्तर्षींना म्हातारीची बाज आणि तिचे चोर म्हणण्याची, मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणण्याची चाल मराठीत आहेच. जी आकृती डोळ्यांत भरते तिला घरगुती नाव मिळते. मघेभोवतीच्या ताऱ्यांची आकृतीही वस्तुतः ठसठशीत आहे. ती हुबेहूब विळ्यासारखी दिसते आणि मघा त्या विळ्याच्या मुठीच्या टोकाशी असते. विळा ज्याच्या हातात रोज आहे त्याला ‘पूर्वेला विळा शोधा’ असे सांगणे किती सोपे! परंतु पावसाच्या नावाने आधीच ती जागा व्यापलेली असल्यामुळे म्हणा किंवा अन्य कारणाने म्हणा, तारका म्हणून मघा बोलीत उभी राहिलेली नाही. येथे बोलींच्या अभ्यासकांना एक सूचना करण्यास हरकत नाही. शब्दसंग्राहक दिवसा हिंडतात, आणि ओसरीवर बसून नक्षत्रांच्या नावांची यादी उतरवून घेतात. त्या यादीत मघा असतेच. ती काळाचे नाव म्हणून सांगितली गेली की ताऱ्याचे, हे यादीवरून कळत नाही. आकाशातील नावांचे संकलन रात्री, उघड्यावर, बोट दाखवून घेतले पाहिजे. तसे न केल्यास शब्द हाती लागतो आणि त्याने दाखविलेली वस्तू निसटते.

मंगळाची गत काहीशी अशीच आहे, परंतु तिचा विस्तार करण्याचे कारण नाही. मंगळ हा मराठी कुटुंबांत मुख्यतः पत्रिकेत असतो आणि विवाह जुळविताना आठवतो; आकाशात बोट दाखवून तो ओळखणारे थोडे.

आता ‘जवळ’. हा शब्द एरवी इतका निर्मळ आहे की त्याच्या अर्थाविषयी कोणी प्रश्न करीत नाही. ‘विहिरीजवळ’, ‘देवळाजवळ’ असे म्हटले की दोन वस्तूंमधील अंतर थोडे आहे एवढे कळते. आकाशासंबंधी बोलताना मात्र हाच शब्द दोन निरनिराळी कामे करतो. ‘चंद्र डोंगराजवळ आला’ असे कोणीही म्हणते, आणि त्यातून चंद्र डोंगराच्या शेजारी येऊन बसला असा गैरसमज कोणाचाही होत नाही. कारण चंद्र व डोंगर या दोहोंविषयी श्रोत्याला स्वतंत्र ज्ञान असते. ते ज्ञान शब्दाचा अर्थ आपोआप दुरुस्त करून घेते. धूमकेतू, मंगळ व मघा यांच्याबाबत असे स्वतंत्र ज्ञान नसते, म्हणून शब्दाला एकट्यालाच सर्व भार वाहावा लागतो.

आणि या प्रसंगी तो भार विलक्षण होता. १५ ऑक्टोबरला मंगळ पृथ्वीपासून सुमारे तीस कोटी किलोमीटर दूर होता. मघा ७९ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे मंगळापेक्षा सुमारे चोवीस लाख पट दूर. ही दोन्ही एकमेकांपासून अंशाच्या आसपास अंतरावर दिसत होती. धूमकेतूचा मंगळाशी असलेला संबंध मात्र केवळ दृष्टीचा नव्हता. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तो मंगळापासून सुमारे एक कोटी आठ लाख किलोमीटर अंतरावरून गेला होता. हे अंतर पृथ्वी व चंद्र यांच्यातील अंतराच्या अठ्ठावीस पट असले, तरी सूर्यमालेच्या मापाने ते जवळच म्हणावयाचे. तेव्हा ‘धूमकेतू मंगळाजवळ आहे’ हे विधान काही अंशी खऱ्या अवकाशातील होते, तर ‘धूमकेतू मघेजवळ आहे’ हे सर्वथा दृष्टिरेषेपुरते. एकाच वाक्यात ‘मंगळ व मघा यांच्याजवळ’ असे म्हणताना ‘जवळ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी दोन नामांशी जोडला गेला होता.

मराठीला हा भेद व्यक्त करता येत नाही असे नाही. ‘धूमकेतू मंगळाच्या जवळून गेला’ आणि ‘धूमकेतू मंगळाजवळ दिसतो’ ही दोन वाक्ये ताडून पाहावी. पहिल्यात ‘-ऊन’ हा मार्गदर्शक प्रत्यय आणि गतिवाचक क्रियापद आहे. त्यामुळे वस्तू खरोखर त्या जागेतून गेली असा बोध होतो. दुसऱ्यात ‘दिसणे’ हे क्रियापद बोलणाराचे स्थान गृहीत धरते. कोठून दिसतो, तर येथून. १ ऑक्टोबरची घटना पहिल्या वाक्याची आणि १५ ऑक्टोबरची दुसऱ्या वाक्याची आहे. गोंधळ होतो तो ‘आहे’ या क्रियापदाने. ‘मंगळाजवळ आहे’ यात पाहणारा नाहीसा होतो आणि दृष्टीचे सान्निध्य हे वस्तूचे सान्निध्य होऊन बसते. मराठीतील खगोलविषयक लेखनाने एवढे एक पथ्य पाळले, म्हणजे दृष्टीच्या गोष्टीला ‘दिसतो’ आणि अवकाशाच्या गोष्टीला ‘जवळून जातो’ असेच म्हटले, तरी पुष्कळ काम होईल. पुढच्याच वर्षी या भेदाचा नमुना घडला. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सायडिंग स्प्रिंग’ नावाचा धूमकेतू मंगळापासून अवघ्या १,४०,००० किलोमीटरांवरून गेला, आणि २४ सप्टेंबर २०१४ पासून मंगळाभोवती फिरत असलेले भारताचे मंगळयान त्या वेळी तेथेच होते. तो मंगळाच्या ‘जवळून गेला’ हे कोणत्याही अर्थाने खरे.

जुन्या परिभाषेत ग्रहांच्या अशा दृश्य मीलनाला ‘युती’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण फलज्योतिषाने तो इतका वापरला आहे की युती म्हटली की तिचे फळ कोणते हा प्रश्न पाठोपाठ येतोच. धूमकेतूच्या बाबतीत तर हा प्रश्न विशेषच. त्याचे कारण ‘धूमकेतू’ या शब्दाच्या इतिहासात आहे. धूम म्हणजे धूर आणि केतू म्हणजे ध्वज किंवा खूण. ऋग्वेदात हे अग्नीचे विशेषण आहे, त्यात अशुभ असे काही नाही. आकाशातील उत्पाताचा अर्थ त्याला नंतर चिकटला. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. केतूंचा उदय व अस्त गणिताने काढता येत नाही, हे तो आरंभीच सांगतो. त्यांची संख्या कोणी एकशे एक मानतात, कोणी हजार, तर नारदाच्या मते केतू एकच असून तोच नाना रूपांनी दिसतो, अशी मतमतांतरेही तो नोंदवितो. एकच केतू पुन्हा पुन्हा दिसतो ही कल्पना वाचून हॅलेचा धूमकेतू आठवतो; पण साम्य तेवढ्यापुरतेच आहे, त्यातून अधिक काही काढू नये. पुढे राहूच्या जोडीला नवग्रहांत बसलेला केतू हा तर चंद्राच्या कक्षेचा एक छेदनबिंदू. तो दिसण्याजोगी वस्तूच नव्हे. अशा रीतीने ‘केतू’ हा शब्द दिसणाऱ्या धूमकेतूकडून न दिसणाऱ्या बिंदूकडे गेला, आणि लोकांच्या मनात दोहोंची भीती एकत्र झाली.

याच वस्तूला मराठीत ‘शेंडेनक्षत्र’ असा दुसरा शब्द होता. तो आता क्वचितच ऐकू येतो. तो नाहीसा होऊ देणे दुर्दैवाचे आहे, कारण वर्णनाच्या दृष्टीने तो ‘शेपटीचा तारा’ किंवा हिंदीतील ‘पुच्छल तारा’ यांपेक्षा सरस आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथे शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूतील ‘दुमदार सितारा’ हाही शेपटीचाच तारा. शेपूट म्हटले की ती प्राण्याच्या मागे असते आणि प्राणी जिकडे जातो त्याच्या उलट दिशेस लोंबते असे मनात येते. धूमकेतूचे तसे नाही. सूर्याच्या प्रारणाने व सौरवाताने त्याची धूळ आणि वायू मागे रेटले जातात. म्हणून त्याचा पिसारा नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूस असतो. १५३१ साली पीटर आपियानने हे युरोपात नोंदविले; चिनी निरीक्षकांना ते त्याच्या कितीतरी आधी माहीत होते. धूमकेतू सूर्याकडून परत निघाला म्हणजे ही तथाकथित शेपटी त्याच्या पुढे चालते. पहाटे सूर्य क्षितिजाखाली असताना पिसारा वरच्या दिशेस उभा असतो, आणि हे दृश्य डोक्यावरून वर निघालेल्या शेंडीचे आहे, शेपटीचे नव्हे. संस्कृतात केतूला ‘शिखी’ म्हणतात आणि ग्रीकांनी त्याला ‘केसाळ’ अशा अर्थाचे नाव दिले, तीच प्रतिमा शेंडेनक्षत्रात आहे. चिन्यांनी त्याला झाडूचा तारा म्हटले. पूर्व क्षितिजावर दांडा खाली करून उभा धरलेला झाडू कोणी पाहिला असेल तर त्यालाही ही उपमा पटेल.

आयसॉनची मात्र शेंडी साखऱ्याच्या माणसाला दिसली नाहीच. नोव्हेंबरच्या १७-१८ तारखांना तो चित्रा ताऱ्याच्या लगत आला, खाली क्षितिजाकडे बुध होता, आणि दरम्यान तेजही एकाएकी वाढून धूमकेतू नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेत आला होता. ग्रह, ठळक तारा आणि धूमकेतू यांचा हा दुसरा योग. परंतु १७ तारखेस त्रिपुरी पौर्णिमा होती; पश्चिमेस मावळता पूर्ण चंद्र आकाश उजळीत होता आणि धूमकेतू संधिप्रकाशाकडे वेगाने सरकत होता. २८ नोव्हेंबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे बारा लाख किलोमीटरांवरून गेला आणि त्या तापात विखरून गेला. बाहेर आला तो धुळीचा पुंजका. तोही काही दिवसांत विरला. डिसेंबरच्या पहाटे ज्या भव्य दृश्याची आशा दाखविली गेली होती ते घडलेच नाही. या घटनेने शास्त्रज्ञांची फजिती झाली असे म्हणणारे अनेक निघाले. वस्तुतः धूमकेतूचे केंद्र टिकेल की फुटेल हे आधी सांगता येत नाही, एवढे शास्त्रज्ञ स्पष्ट बोलत होते. ‘कदाचित’ हा शब्द त्यांच्या विधानातून वार्तेत येईपर्यंत गळून पडला.

हिंगोली जिल्ह्यापुरता हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, ‘लायगो-इंडिया’, उभी करण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंच्या या यंत्रातून डोळ्यांना काहीच दिसावयाचे नाही. जे घडेल ते सर्व शब्दांनीच आसपासच्या गावांना सांगावे लागेल. (औंढ्याशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या विसोबांचे ‘खेचर’ हे उपनाम ज्योतिषग्रंथांत ग्रहाचे पर्यायनाम आहे, हा केवळ योगायोग.) मराठीत आकाश समजावून सांगण्याची परंपरा मुळीच नाही असेही नव्हे. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या १८६० सालच्या ग्रंथाने गणित मराठीत आणले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाने रात्रीचे आकाश घरोघरच्या वाचकाला दाखविले. दीक्षितांच्या लेखनाचे बळ त्यांच्या ज्ञानाइतकेच त्यांच्या दाखविण्याच्या रीतीत होते.

दाखविण्याच्या रीतीसाठी लागणारी मापेही बोलीत तयार आहेत. ‘दिवस कासराभर वर आला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो सूर्याची क्षितिजापासूनची उंची कोनातच मोजत असतो. कासऱ्याची लांबी तो आकाशावर ठेवून पाहतो. हात पूर्ण लांबवून धरला तर करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, मूठ सुमारे दहा अंश आणि वीत सुमारे वीस-बावीस अंश भरते. लहान मुलाचे बोट लहान तसा त्याचा हातही आखूड, म्हणून हे माप लहानथोर सर्वांना सारखेच लागू पडते. ‘तेहतीस अंश उंचीवर’ हे सांगणे शाळा शिकलेल्यासही कठीण जाते. ‘क्षितिजापासून दीड वीत वर’ हे कोणासही कळते. मंगळापासून धूमकेतूचे ‘जवळ’ हे अंतर दोन बोटे होते असे त्या ऑक्टोबरात सांगितले गेले असते, आणि त्याच्याच जोडीला ‘पण दुर्बिणीवाचून दिसावयाचा नाही’ हेही, तर निदान कोणी मंगळालाच धूमकेतू समजून घरी गेला नसता.

२०२४ च्या सप्टेंबरअखेरीस त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू पहाटे पूर्वेस आला. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत निकट होता, आणि या खेपेस तो क्षितिज स्वच्छ असेल तेथे नुसत्या डोळ्यांनीही आढळण्याइतका तेजस्वी होता. पूर्वेस त्या वेळी खुणेला एकही ग्रह नव्हता. होती ती मघाच, हस्ताच्या पावसाच्या दिवसांत, विळ्याच्या मुठीशी. तिच्यापासून सुमारे एक वीत अंतरावर, खाली उजव्या हाताला, तांबडे फुटण्याच्या जरा आधी, शेंडेनक्षत्र उगवत होते.